वरातीच्या मागं चालत लिहिलेली कथा

बँडवाल्यांवर कथा लिहायचं लई वर्षांपासून डोक्यात होतं. लातुरात आमच्या गल्लीच्या तोंडाला एका बँडचं दुकान होतं, संध्याकाळी शटर अर्धं वर करून आत प्रॅक्टिस चालायची आणि मी शाळेतून येताना दप्तर घेऊन तिथंच उभा राहायचो, घरून कुणीतरी बोलवायला येईपर्यंत. मागच्या दिवाळीत एकदाची लिहायला बसलो. बारा दिवसात बत्तीस पानं झाली. पाच जणांचा बँड, त्यात एक क्लॅरोनेट वाजवणारं पोरगं, मोठं व्हायची स्वप्नं, भांडण, फाटाफूट, असं सगळं.

ती पानं घेऊन मी त्याच दुकानातल्या जुन्या क्लॅरोनेटवाल्या मामांकडं गेलो. ते आता वाजवत नाहीत, समोरचे वरचे दात गेले, आणि क्लॅरोनेटला माऊथपीसवर वरचे दात टेकवावेच लागतात. मामांनी सगळं ऐकून घेतलं, मधे चहा आला तोही तसाच ठेवला, आणि मग म्हणले, "सर, तुमच्या गोष्टीत सगळे नुसतं सुरावरच बोलायलेत. आमी असं कवा बोलतो? आमी गाडीवर बोलतो, जेवणावर बोलतो, उचल किती फिटली त्याच्यावर बोलतो." उचल म्हणजे मालकाकडून आधीच घेतलेले पैसे, जे मजुरीतून फेडायचे असतात.

मला ते लागलं पण पटलं सुद्धा. ती बत्तीस पानं बाजूला ठेवली आणि तुळशीची लग्नं झाल्यावर सीझन सुरू झाला तसं मामांच्या ओळखीनं एका बँडसोबत जायला लागलो. टेम्पोत मागं वाद्यांसोबत बसायचं, परण्या, म्हणजे लग्नाआधीची नवरदेवाची मिरवणूक, मारुतीच्या देवळाकडं निघाला की मागं मागं चालायचं, वही खिशातून काढायची नाही, घरी येऊन लिहायचं. असं पंधरा-सोळा लग्नं केली.

तिथं काय दिसलं तर वाजवणं हे त्या दिवसातलं सगळ्यात छोटं काम असतंय. थांबणंच जास्त. नवरदेव तयार नाही म्हणून दीड तास थांबा, फेटेवाला आला नाही म्हणून थांबा, नवरदेवाच्या मामाचे कपडे राहिले म्हणून थांबा, आणि ते थांबणं त्या लाल कोटात, गळ्यापर्यंत बटनं लावून, उन्हात. आणि जेवण शेवटच्या पंगतीला. एका ठिकाणी तर पाहुण्यांचं उरकल्यावर यांना मंडपाच्या मागं बसवलं, वरण संपलं होतं, नुसता भात आणि बुंदी. कुणी काही बोललं नाही, ढोलवाल्यानं फक्त सगळ्यात लहान पोराच्या पत्रावळीत आपली बुंदी टाकली. माझ्या कथेतलं भांडण मी त्या रात्री काढून टाकलं आणि तिथं हे टाकलं.

सूर कसा लिहायचा हा मोठा प्रश्न होता. पहिल्या खर्ड्यात मी "काळजाला भिडणारे सूर" वगैरे लिहिलं होतं, वाचणाऱ्याला त्यातून काहीच ऐकू येत नाही. मग मामांनी एक गोष्ट सांगितली, उन्हाळ्यात दुपारी क्लॅरोनेट, ट्रम्पेट चढतात, नळीतली हवा तापली की सूर वर जातो, पण गाडीवरचा कीबोर्ड आहे तिथंच राहतो. मग सूर खाली आणायला क्लॅरोनेटवाला बॅरल, म्हणजे माऊथपीसच्या खालचा छोटा तुकडा, जरासं ओढून बाहेर काढतो, ट्रम्पेटवाला स्लाईड ओढतो, चालता चालताच. मला हेच पाहिजे होतं. आता माझ्या कथेत संगीताचं वर्णन जवळपास नाहीच, त्या पोराचा हात बॅरलवर जातो एवढंच आहे, आणि बँडचा मास्तर मागं वळून बघतो, आणि पोराला कळतं की त्यालाही ऐकू आलं.

कथा मी २०१६ च्या दुष्काळी उन्हाळ्यात नेली, कारण तो उन्हाळा आम्ही सगळ्यांनी अंगावर काढलाय. १२ एप्रिलला मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली होती, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्याच्या आधीपासून पाण्याच्या टाक्यांजवळ १४४ कलम होतं, पाचपेक्षा जास्त माणसं जमायची नाहीत. हे आठवलं आणि एक प्रसंग आपोआप सुचला, वरात टाकीपाशी येते, मास्तर हात वर करतो, वाजवणं बंद, आणि सगळी वरात चार-चार जणांत फुटून गुपचूप टाकीवरून पुढं जाते, घागरी घेऊन बसलेल्या बाया बघत राहतात, पुढच्या चौकात परत एकत्र येऊन वाजवायला लागतात. हा प्रसंग मला स्वतःला लई आवडतो.

शेवटाकडं मी एक मोठं लग्न मे महिन्यात घातलं होतं. लिहून झाल्यावर सहज त्या वर्षीचं जुनं पंचांग बघितलं तर मे-जूनमधे शुक्राचा अस्त. म्हणजे दुष्काळ आणि वरून तिथींचा पण खाडा, बँडवाल्यांचा कमाईचा काळच गेला. ते लग्न एप्रिलमधे ओढून आणलं, त्यामुळं आधीची चार प्रकरणं परत लिहावी लागली, त्यात तीन आठवडे गेले पण ते करायलाच पाहिजे होतं, बँडवाल्याला तिथी चुकलेली लगेच कळते.

चौथा खर्डा घेऊन परत मामांकडं गेलो. ह्यावेळी मधे मधे मान हलवत होते. संपल्यावर थोडा वेळ गप्प बसले आणि विचारलं, "मग त्या पोराची उचल फिटली का?"

माझ्या शेवटात ते पोरगं बँड सोडून पुण्याला ऑर्केस्ट्रात जात होतं. उचलीचं मी पहिल्याच प्रकरणात लिहून सोडून दिलं होतं. घरी येऊन वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. मालकाकडून उचल पंचवीस हजार, एका लग्नाचे पाचशे, आणि त्या सीझनला मी कथेत मोजून २३ लग्नं दिली होती. साडेअकरा हजार. म्हणजे सगळी मजुरी कापली तरी साडेतेरा हजार अंगावर राहतात. पुण्याला जाणार कसं ते?

शेवटची सहा पानं काढली. आता शेवट असा आहे की पावसाळा संपलाय, तुळशीची लग्नं लागलीत, ते पोरगं सकाळी दुकानाचं शटर वर करतं, पेटीतून लाल कोट काढतं, खिशातल्या डांबरगोळ्या बाहेर टाकतं आणि कोट दारात उन्हाला घालतं.