पुढं जायचं बटणच नव्हतं

इचलकरंजीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं आणि मेंटेनन्सचं काम मी बरीच वर्षं करतोय. सूत व्यापारी, सायझिंगवाले, यंत्रमागवाले आणि या सगळ्यांचे हिशेब बघणारे कर सल्लागार ही माझी गिऱ्हाइकं. वीस तारीख म्हणजे जीएसटीची थ्री-बी, म्हणजे दर महिन्याचं विवरणपत्र, भरायचा शेवटचा दिवस. त्या दिवशी फोन हातातून खाली ठेवता येत नाही. अशाच एका वीस तारखेला दुपारी साडेतीनला एका ऑफिसातल्या अकाउंटंट काकांचा फोन आला.

"अरे, ते पुढं जायचं बटण गेलंय बघ. बँकेची साइट उघडंना. तेवढं बटण परत आणून दे, चलनं भरायची राहिल्यात."

म्हणजे ते लाल त्रिकोणाचं पान. 'युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट.' त्याच्यावरचा मजकूर काकांनी कधी वाचला नव्हता आणि त्याला कारण मी होतो. डिजिटल सहीचं एक सॉफ्टवेअर त्यांच्याकडं आहे. डोंगल लावून सही करताना ब्राउझर त्याच कॉम्प्युटरमधल्या एका छोट्या सर्व्हरशी बोलतो, १२७.०.०.१ या पत्त्यावर. हा पत्ता म्हणजे तुमचं स्वतःचंच मशीन. पण त्या सर्व्हरचं प्रमाणपत्र, म्हणजे ब्राउझरला दाखवायचं ओळखपत्र, त्यानं स्वतःच स्वतःला दिलेलं असतं, म्हणून ब्राउझर इशारा देतो. तो ओलांडल्याशिवाय सही होत नाही. मग मीच एक चिठ्ठी लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवली होती: 'लाल पान आलं की ॲडव्हान्स्ड दाबा, मग खालचं प्रोसीड.' महिन्यातून कितीतरी वेळा काका ते करत होते. कुठल्या पत्त्यासाठी पुढं जायचं आणि कुठल्या नाही, हे चिठ्ठीत मी लिहिलंच नव्हतं.

काकांना एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. बर्कलीच्या विद्यापीठातल्या आणि गूगलच्या संशोधकांचा २०१३ सालचा एक अभ्यास आहे, अडीच कोटींहून जास्त इशाऱ्यांचा. त्यात प्रमाणपत्राचा इशारा क्रोमवर सुमारे ७० टक्के वेळा ओलांडला गेला होता, फायरफॉक्सवर ३३ टक्के वेळा. इशाऱ्याच्या पानाची रचना कशी आहे, यानंही इतका फरक पडतो. माणूस तोच असतो, पण रोज खोटी आरोळी ऐकली की खऱ्या आरोळीलाही तो उठत नाही.

बटण नसलं तरी ते पान ओलांडायची एक युक्ती असते. एक शब्द नुसता टाइप करायचा. तो माझ्या अगदी ओठांवर आला होता. काका घाईत, मी दुसऱ्या ऑफिसात प्रिंटरमध्ये हात घालून बसलेलो. पण 'बटणच नाही' हे त्यांचं वाक्य डोक्यात अडकलं. बटण नसतं तेव्हा ते बहुतेक वेळा साइटनंच काढून घेतलेलं असतं. २०१२ पासून एचएसटीएस नावाची सोय आहे. साइट ब्राउझरला सांगून ठेवते की माझ्याशी फक्त सुरक्षित जोडणीनंच बोल आणि प्रमाणपत्रात काही गडबड दिसली तर कुणालाही पुढं जाऊ देऊ नकोस.

"काका, कशाला हात लावू नका. कोपऱ्यात तारीख काय दिसते?" तारीख बरोबर होती. नाहीतर अशा तक्रारीत मदरबोर्डवरचा सेल संपून घड्याळ मागं गेलेलं सापडतं, आणि तारीख चुकली की ब्राउझरला चांगलं प्रमाणपत्रही चुकीचं वाटतं. "आता मोबाइल ऑफिसच्या वायफायवर ठेवून तीच साइट उघडा." तिथंही लाल पान. "वायफाय बंद करा, मोबाइलचा डेटा चालू करा." साइट झटक्यात उघडली.

मी प्रिंटर तसाच उघडा टाकून गाडीला किक मारली.

राउटरमध्ये शिरायला मला एक मिनिटही लागलं नाही. पासवर्ड कारखान्यातून आलेलाच होता आणि बाहेरून राउटर उघडायची सोयही चालू होती. आत डीएनएसच्या रकान्यात एक अनोळखी आकडा होता. डीएनएस म्हणजे साइटचं नाव दिलं की तिचा पत्ता सांगणारी वही. ती वहीच कुणीतरी बदलली होती. काका बँकेचं नाव अचूक टाइप करत होते आणि राउटर त्यांना भलत्याच दारात नेऊन उभं करत होता. ब्राझीलमध्ये अशाच रीतीनं ४५ लाख मोडेम बिघडवल्याचं २०१२ मध्ये उघड झालं होतं. ते मी वाचलं होतं, पण माझ्या गिऱ्हाइकाच्या टेबलावर ते दिसेल असं कधी वाटलं नव्हतं.

राउटर रीसेट केला, त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, नवं घातलं, पासवर्ड बदलला, बाहेरची सोय बंद केली. बँकेची साइट उघडली. चलनं निघायला लागली. काका हुश्श करून खुर्चीत मागं टेकले आणि मग हळूच म्हणाले, "परवा दोन व्यापाऱ्यांचे ईमेल उघडताना पण लाल पान आलं होतं रे. तिथं बटण होतं."

"मग?"

"दाबलं."

मी काही बोललो नाही. त्यांच्या हाताला थरथर सुटली होती. तीस वर्षं दुसऱ्यांच्या पैशाचा हिशेब पैशापैशानं जुळवलेला माणूस. पाणी देऊन मी त्यांच्या शेजारी बसलो आणि मॉनिटरवरची चिठ्ठी काढून टाकली. "काका, ही मी लिहिली होती."

त्या दोन्ही व्यापाऱ्यांना काकांनी स्वतः फोन केले. एक वसुलीसाठी मालेगावात होता. काका त्याला म्हणाले, "शेठ, फोन ठेवू नका. मी लाइनवर आहे, आत्ता पासवर्ड बदला." दोघांच्या मेलमध्ये मी तपासलं. मेल परस्पर तिसरीकडं पाठवायचा नियम कुणी लावला नव्हता. मग सगळ्या बँकांचे पासवर्डही बदलले. शेवटची थ्री-बी रात्री सव्वादहाला गेली.

आता मॉनिटरवर नवी चिठ्ठी आहे. पत्ता १२७ नं सुरू होत असेल आणि तुम्ही सही करत असाल तरच पुढं जा, बाकी सगळीकडं थांबा आणि मला फोन करा. खाली माझा नंबर. ती चिकटवताना काकांनी विचारलं, "वीस तारखेला केला तर चालेल का?"

पुढच्या वीस तारखेला संध्याकाळी सहाला त्यांचा फोन आला. मी हातातलं काम टाकून गेलो. कॉम्प्युटरचं घड्याळ २०१५ दाखवत होतं. सेल बदलून दिला.