अमेरिकेत मुलीचं लसीकरण: लस मोफत, अडवणूक काउंटरवर

मुलीच्या शाळाप्रवेशासाठी लशी पूर्ण करायच्या होत्या आणि नवऱ्याच्या नव्या नोकरीचा विमा अजून सुरू झाला नव्हता. अपॉइंटमेंट, कागदपत्रं, सगळं पटकन झालं. अडलं ते दवाखान्याच्या काउंटरवर. "विमा नाही? मग लशींचे पूर्ण पैसे आधी भरा."

हे साफ चूक होतं. 'व्हॅक्सिन्स फॉर चिल्ड्रन' या केंद्र सरकारच्या योजनेत १९ वर्षांखालच्या विमा नसलेल्या मुलांना लस फुकट मिळते. मेडिकेडवरच्या (कमी उत्पन्न असणाऱ्यांचा सरकारी विमा) आणि मूळनिवासी मुलांनाही. व्हिसा कुठला, हे पात्रतेसाठी बघत नाहीत. टोचण्याची फी लावता येते, पण ती परवडत नाही म्हणून लस नाकारता येत नाही. दवाखाना योजनेत आहे हे मी फोनवर विचारूनच गेले होते. तुम्हीही योजनेचं नाव घेऊनच विचारा, कारण सगळे डॉक्टर तिच्यात नसतात.

माझ्या पुढे एक कृष्णवर्णीय बाई होत्या, कडेवर तान्हं बाळ. त्यांनाही विमा नव्हता. फीचे पैसे आज नाहीत म्हटल्यावर त्यांना "पैसे घेऊन या" असं सांगून परत पाठवलं. तासावर पगार असणाऱ्या आईची अख्खी सकाळ बुडाली आणि बाळ लशीविना घरी गेलं. माझी पाळी येईपर्यंत त्या निघून गेल्या होत्या. मी मात्र हलले नाही. नियम छापून नेला होता, तो पुढे ठेवला आणि मॅनेजरला बोलवायला लावलं. मग लगेच टोचलं! नियम माहीत असणाऱ्यालाच लस मिळणार असेल तर त्या बाळाचं काय?

राग येतो तो यासाठी, की ही योजनाच अशा अडवणुकीतून जन्मली. १९८९ ते १९९१च्या गोवराच्या साथीत अमेरिकेत सुमारे ५५,००० रुग्ण झाले, शंभरावर माणसं गेली. शहरांतल्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वस्त्यांतली लस न मिळालेली लहान मुलं त्यात सर्वाधिक होरपळली. त्यांतली बरीच मुलं डॉक्टरांकडे जाऊन आलेली होती, तरी लस टोचली गेली नव्हती. म्हणून १९९३ साली कायदा झाला, १९९४पासून लस फुकट झाली. काउंटरवरच्या माणसाला हे शिकवायला कोणी आहे की नाही?

विमा आहे पण त्यात लस बसत नाही, अशांनी सरकारी मदतीवर चालणाऱ्या सामुदायिक आरोग्य केंद्रातच जावं. या मुलांना योजनेची लस साधारणपणे तिथेच मिळते.

आणि हो, भारतातल्या कार्डाचं राहिलंच. नवव्या महिन्यातला गोवर-रुबेलाचा डोस इथे धरत नाहीत, पहिला वाढदिवस झाल्यावरचाच मोजतात. कांजिण्यांची लस आपल्या सरकारी वेळापत्रकात नाही, इथे शाळा मागते. तारखांमध्ये महिना अक्षरांत लिहून न्या. आपली ०४/०५ म्हणजे ४ मे, इथे तिचा ५ एप्रिल होतो.