पोर्टचा क्रम लावायचा तर ऐंशीचं दशक बघा

गोव्याहून येताना लोक पिशवीत घालून आणतात ती गोड, स्वस्त ‘पोर्ट वाइन’ आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. मी पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात राहायला आल्यापासून घरच्यांचा ठरलेला प्रश्न असतो, तीच का ही? ती ही नव्हे. खरी पोर्ट दोरू नदीच्या खोऱ्यातच होते. त्या खोऱ्याची हद्द १७५६ साली आखली गेली आणि तिच्या बाहेर पिकलेल्या द्राक्षांची वाइन इथे पोर्ट ठरत नाही. घरच्यांचा पुढचा प्रश्न मला जास्त आवडतो. त्यातली सर्वांत चांगली कुणाची?

हा प्रश्न व्हिंटेज पोर्टबद्दलच विचारण्यात अर्थ आहे. एकाच वर्षाची द्राक्षं, दोन-तीन वर्षं लाकडी पिंपात, मग न गाळता बाटलीत, आणि पुढची वीस-तीस-पन्नास वर्षं ती बाटलीतच मुरते. दरवर्षी ती निघत नाही. साल उत्तम वाटलं तरच कंपनी ते ‘डिक्लेअर’ करते, साधारण दहा वर्षांत तीनदा. १९६३, १९७०, १९७७, १९९४, २०११ ही सालं इथे लोक तोंडपाठ म्हणतात. २०१६ आणि २०१७ अशी सलग दोन वर्षं बहुतेक सगळ्या मोठ्या घराण्यांनी, म्हणजे पोर्ट कंपन्यांनी, डिक्लेअर केली, तेव्हा इथे त्याचीच चर्चा होती.

पण १९६३ किंवा १९९४ची बाटली चाखून कुणाचाही क्रम लावू नये. चांगल्या सालात सगळेच चांगले दिसतात. कोण किती पाण्यात आहे ते अडचणीच्या काळात कळतं, आणि पोर्टसाठी तो काळ म्हणजे सत्तरीचा उत्तरार्ध आणि ऐंशीचं दशक.

पोर्ट करताना द्राक्षरस दोन-तीन दिवसच आंबवतात. निम्मी साखर शिल्लक असतानाच त्यात ७७ टक्क्यांचं द्राक्षाचं स्पिरिट ओततात आणि आंबणं थांबतं. ५५० लिटरच्या पिंपात साधारण ११५ लिटर हे स्पिरिट असतं, म्हणजे पाचवा हिस्सा. ते सुमार असेल तर बाकीच्या चार हिश्शांची मेहनत मातीमोल होते. नव्वदीच्या सुरुवातीपर्यंत ते सरकारी व्यवस्थेकडून मिळेल तसं घ्यावं लागायचं, निवडीला वाव नव्हता. शिवाय हुकूमशाही उलथवणारी १९७४ची क्रांती झालेली, त्याआधीच खोऱ्यातली तरुण माणसं फ्रान्स-जर्मनीला कामाला गेलेली, मळ्यात हात कमी. दोन-तीन दिवसांत सालीतला सगळा रंग उतरवायचा तर ग्रॅनाइटच्या उथळ हौदात, म्हणजे लागारमध्ये, पायानं तुडवण्यासारखा उपाय नाही. तळव्याखाली साल फाटते, पण कडू बी फुटत नाही. पहिले दोन तास माणसं खांद्याला खांदा लावून रांगेत, तालावर पाऊल टाकत पुढे सरकतात. त्यानंतर मोकळं सोडतात, गाणं-बजावणं होतं. माणसंच नाहीत म्हटल्यावर अनेकांनी यंत्रं आणली, आणि सुरुवातीच्या त्या यंत्रांतून उतरलेली वाइन पुष्कळदा अंगानं हलकी निघाली.

या सगळ्यातून जो सुखरूप बाहेर आला त्याला मी पहिला नंबर देते. माझ्या मते तो मान ग्रॅहम्सचा. १९४५, १९४८, १९५५, १९६३, १९७० सगळी भक्कम, आणि मुख्य म्हणजे १९८०, १९८३, १९८५ या तिन्ही सालांत त्यांनी मान खाली घातली नाही. १९७०मध्ये हे घराणं पोर्टच्याच धंद्यातल्या सिमिंग्टन कुटुंबाकडे आलं. मालक बदलले की हात बदलतो, चव बदलते, हे इथे बरेचदा घडलंय. ग्रॅहम्सच्या बाबतीत ते झालं नाही.

यांची १९८५ची बाटली मी शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात उघडताना पाहिली. आदल्या दिवसापासून त्यांनी ती उभी ठेवली होती. एका अंगाला पांढऱ्या रंगाचा फटकारा होता. तळघरात बाटली आडवी असताना ती बाजू वर असते. बाटली हलवली तरी तीच बाजू वर ठेवून निजवायची म्हणजे गाळ एकाच अंगाला बसतो. बूच निम्म्यात मोडलं, उरलेलं हळूहळू काढलं. मग मानेखाली टॉर्च धरून शेजारीणबाई एका लयीत ओतत राहिल्या, आणि काळसर गाळाची रेघ मानेपर्यंत आल्याबरोबर थांबल्या. तळाशी बोटभर राहिलं ते सरळ टाकून दिलं. चवीत सुकं अंजीर, मनुका, शेवटी मिरीसारखा किंचित चटका. इतक्या वर्षांनंतरही फळ ताजं होतं. त्या दशकातल्या थोड्याच बाटल्यांबद्दल मी असं म्हणेन.

दुसरी फोन्सेका, तिसरी टेलर्स. दोन्ही आज एकाच कुटुंबाची. वरच्या टोकाला ही दोन्ही ग्रॅहम्सच्या पुढेच जातात, हे मी मोकळेपणानं मान्य करते. १९९४च्या दोघांनाही ‘वाइन स्पेक्टेटर’ या अमेरिकन मासिकानं शंभरपैकी शंभर दिले आणि वर्षातल्या सर्वोत्तम वाइनच्या १९९७च्या यादीत संयुक्त पहिला क्रमांक. टेलर्सची व्हार्जेलासच्या मळ्यातली ताठ, सरळ वाइन तरुणपणी जवळ येऊ देत नाही. फोन्सेका भरघोस, मोकळी. पण १९८० आणि १९८३ची दोघांचीही त्यांच्या लौकिकाच्या मानानं हलकी वाटते. सातत्यावर गुण द्यायचे तर ते धरावं लागतं.

डाऊज चौथी. कमी गोड आणि करकरीत, म्हणून पहिल्या घोटाला तितकी आवडत नाही. पण १९८०ची बाटली शोधून घ्यावी अशी, आणि २०११च्या वाइनला ‘वाइन स्पेक्टेटर’च्या २०१४च्या यादीत पहिला नंबर मिळाला. मग वॉरेज. त्यांचं नाव कमी गाजतं, पण निराशा क्वचितच पदरी येते, आणि जुनी बाटली परवडेल अशी हवी असेल तर मी आधी यांचंच नाव घेते.

किंता दो नोवाल या घराण्याला मी एका क्रमांकावर बसवू शकत नाही. त्यांच्या मळ्यात ‘नासिओनाल’ नावाचा सुमारे दोन हेक्टरांचा तुकडा आहे. तिथल्या वेली कलमाच्या नाहीत, स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. आपल्या नाशिक-सांगलीच्या बागायतदारांना यातलं धाडस लगेच कळेल. आपल्याकडे क्षार आणि पाण्याच्या ताणामुळे डॉगरिज खुंटावर कलम करतात. इथे फिलॉक्सेरा या मुळं खाणाऱ्या किडीनं एकोणिसाव्या शतकात खोरं उजाड केलं, तेव्हापासून अमेरिकन खुंटाशिवाय सहसा कुणी लावत नाही. या तुकड्यातली १९३१ आणि १९६३ची वाइन दंतकथा झाली आहे. पण मधल्या काळात, १९८१मध्ये त्यांच्या कोठारांना लागलेल्या आगीनंतर विशेषतः, नोवालची नेहमीची व्हिंटेज घसरली. १९९३मध्ये मालकी फ्रेंच विमा कंपनी अ‍ॅक्साकडे गेली आणि १९९४पासून पुन्हा अव्वल. तेव्हा १९९४च्या पुढचं नोवाल डोळे झाकून, आधीचं पारखून.

कॉबर्न आणि क्रॉफ्ट या दोघांची घसरण मला सर्वांत जास्त लागते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॉबर्न अग्रगण्य होतं. पुढे मालकी मोठ्या मद्यकंपन्यांकडे गेली आणि १९७७सारखं साल त्यांनी डिक्लेअरच केलं नाही. क्रॉफ्ट १५८८पासूनचं, तरी ऐंशीच्या दशकात पार मागे पडलं. २००१मध्ये ते टेलर्सवाल्यांनी घेतलं, रोएदाच्या मळ्यात पुन्हा पायानं तुडवणं सुरू झालं आणि २००३ची वाइन बघण्यासारखी उतरली. कॉबर्नही आता सिमिंग्टनांकडे आहे आणि २०११ उत्तम आहे. दोघांनाही मी तूर्त खालीच ठेवते. या नव्या बाटल्या तीस वर्षांच्या होतील तेव्हा नंबर बदलायला मला आनंदच होईल.

इकडे आलात तर नदीपलीकडे गाया या शहरात पोर्टची कोठारं ओळीनं आहेत, तिथे जुन्या सालांचा एकेक पेला चाखायला मिळतो. तेवढ्यासाठी अख्खी बाटली घेऊ नका. घरी न्यायची असेल तर विमानात ढवळून निघणारी जुनी बाटली टाळा, २०११ किंवा २०१६ घ्या आणि कपाटात अंधाऱ्या, थंड जागी आडवी ठेवा. पुण्या-मुंबईच्या उन्हाळ्यात ती माळ्यावर टाकू नका, खराब होईल.