आमची वाटचाल : नोकरी सांभाळून वाजवणाऱ्यांच्या जिवावर

आमचं दुकान कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत, धान्य बाजाराच्या मागच्या बोळात. खाली वाद्यदुरुस्ती आणि भाड्याचं सामान, वर प्रॅक्टिस रूम. बोर्ड लहानच ठेवलाय. बोर्ड वाचून इथं कुणी येत नाही, कुणीतरी कुणाला तरी सोबत घेऊन येतो.

गिऱ्हाईक म्हणाल तर शिरोलीच्या एमआयडीसीत क्वालिटीला असलेला ड्रमर, बँकेतून रिटायर झालेले आणि आता भावगीतं गाणारे काका, गोकुळ शिरगावला शिफ्ट करून रात्री बेस गिटार उचलणारा पोरगा, शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या आणि कीबोर्ड वाजवणाऱ्या बाई. निव्वळ वाजवून घर चालवणारे कोल्हापुरात थोडे. त्यातला जो खरंच चांगला असतो तो पुण्या-मुंबईची गाडी धरतो. उरलेल्यांसाठी आम्ही दुकान मांडून बसलोय, आणि खरं सांगायचं तर पैशाला तेच चोख आहेत.

मी स्वतः कीबोर्डवाला. दिवसा स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर आणि गणपती ते दिवाळी ऑर्केस्ट्रात. तेव्हाचा ऑर्केस्ट्रा म्हणजे टेम्पोभर माणसं. तबला, ढोलक, कोंगो-बोंगो, ड्रमसेट, अ‍ॅकॉर्डियन, सॅक्सोफोन, दोन गिटार, चार गायक आणि एक मिमिक्रीवाला. कागल, गडहिंग्लज, पन्हाळा, जिथं जत्रा तिथं आम्ही. सुपारी ठरायची चहाच्या टपरीवर आणि नाईट, म्हणजे त्या रात्रीचे पैसे, मिळायची पहाटे, सामान टेम्पोत चढवून झाल्यावर.

मग ऑक्टोपॅड आला. आठ रबरी चौकोन, दोन काठ्या, आणि तबला-ढोलक-कोंगो वाजवणारी तीन माणसं एका खुर्चीत मावली. पाठोपाठ ऱ्हिदम असलेले कीबोर्ड आले, बेसवाला घरी बसला. शेवटी ट्रॅक आले. आधी कॅसेटवर, मग सीडीवर, आता मोबाईलवर. गायक एकटाच स्टेजवर, मागं अख्खा ऑर्केस्ट्रा पेनड्राइव्हमध्ये. ट्रॅकवाल्यांवर माझा राग नाही. आयोजकाला पंधरा माणसांचं जेवण वाचतं, तो तेच करणार. पण वाजवणारे स्टेजवरनं उतरले तशी त्यांची वाद्यं माळ्यावर गेली, आणि तिथंच आमच्या धंद्याचं मूळ आहे. मित्रांचे पडून असलेले अ‍ॅम्प, एक जुना ड्रमसेट, दोन कीबोर्ड असं गोळा करून 2003 साली भाड्यानं द्यायला सुरुवात केली. मालकाला निम्मं भाडं, निम्मं मला. सौ. त्या वेळी हिशोबाची वही घेऊन बसली ती आजतागायत उठलेली नाही. आता तिच्या हातात वहीऐवजी एक्सेल आहे, एवढाच फरक.

दुरुस्ती मागाहून आली, तीही ब्रास बँडवाल्यांमुळं. लग्नसराईत एखाद्याचा ट्रंपेट अडकला की तो दुपारी पळत यायचा, कारण संध्याकाळी वरात. पिस्टन काढून साफ करणं, तेल घालणं, चेमटलेली घंटी (वाद्याचं पुढचं पसरट तोंड) आतनं ठोकून सरळ करणं, क्लॅरोनेटचे पॅड बदलणं, हे मेहुण्यानं शिकून घेतलं. त्याचा हात लेथवर बसलेला होता, उद्यमनगरच्या कारखान्यांतली सवय कामाला आली. पितळी वाद्यं आणि त्यांचे सुटे भाग मेरठहून येतात. तिथल्या जली कोठीत हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चाललाय आणि नादिर अलींची कंपनी तर 1885 पासूनची. तंतुवाद्याचं काम मात्र आम्ही हातात घेत नाही. मिरज तासाभरावर आहे, तिथल्या सतारी-तंबोऱ्यांना 2024 मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय. त्या कारागिरांसमोर आपण भोपळ्याला हात लावणं बरं दिसत नाही. तंबोरा आला की सरळ मिरजेचा पत्ता देतो.

प्रॅक्टिस रूम 2011 ची. त्याआधी बँड कुठं जमायचे? कुणाच्या तरी गच्चीवर, गॅरेजमध्ये, तालीम मंडळाच्या वरच्या खोलीत. पहिला आठवडा शेजारी कौतुकानं ऐकतात, दुसऱ्या आठवड्यात पोरांची परीक्षा काढतात आणि तिसऱ्या आठवड्यात बँड रस्त्यावर. खोली करायची ठरल्यावर जो तो सल्ला द्यायला लागला की भिंतीला अंड्याचे ट्रे चिकटवा. अंड्याच्या ट्रेनं आवाज अडत नाही. खोलीतला घुमारा जरासा कमी होतो, बाहेर जायचा तो आवाज जातोच. आवाज अडवायला वजन लागतं आणि फट बुजवावी लागते. आम्ही भिंतीच्या आत दुसरी भिंत उभी केली, मधे रॉकवूल (दगडी लोकर) भरलं, एकामागं एक दोन दरवाजे बसवले आणि दरवाजाखालच्या बोटभर फटीला रबर लावलं. त्या फटीवर गवंडी हसला होता. ती बुजवली तेव्हा शेजारच्या धान्यवाल्याची तक्रार थांबली. बेस आणि किकचा (पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमचा) दणका अजून थोडा जमिनीतनं उतरतो, म्हणून ड्रम लाकडी फळीवर ठेवलेत, फळीखाली रबराचे ठोकळे.

खिडकी नसलेल्या खोलीचा वैरी म्हणजे कोल्हापूरचा पाऊस. जून ते सप्टेंबर तबल्याची पुडी ढिली पडते, गिटारची मान फुगते, जॅक हिरवे पडतात. त्यामुळं पावसाळ्यात आमचं वीजबिल ओल खेचणाऱ्या मशीनचंच असतं म्हटलं तरी चालेल.

इतकी वर्षं दाराबाहेर बसून बँड ऐकतोय. फुटणारा बँड मला बाहेरूनच कळतो, आणि तो बेसूर असतोच असं नाही. गिटारवाला आवाज वाढवतो, ड्रमर जोर लावतो, गायकाला स्वतःचा आवाज ऐकू येईना म्हणून तो मॉनिटर (गाणाऱ्याकडं तोंड केलेला स्पीकर) वाढवून मागतो, मॉनिटर शिट्टी मारतो, आणि अर्ध्या तासात सगळे एकमेकांवर खेकसायला लागतात. यात बहुतेक वेळा दोष अ‍ॅम्प ठेवायच्या जागेचा असतो. अ‍ॅम्प जमिनीवर असतो आणि वाजवणारा त्याच्यासमोर उभा, म्हणजे आवाज त्याच्या गुडघ्यांना ऐकू जातो, कानाला नाही. म्हणून तो वाढवत सुटतो. अ‍ॅम्प खुर्चीवर ठेवा, नाहीतर मागं कलता करा, तोच माणूस आपणहून निम्म्यावर येतो. आमच्या खोलीत नियमच आहे : आधी गाणाऱ्याचा आवाज लावायचा, मग बाकीच्यांनी त्याच्या खाली बसायचं. नवी पोरं कुरकुरतात. "दादा, फील येत नाही." येतो की, दुसऱ्याचं ऐकू आलं की येतो.

दुसरं भांडण पट्टीचं. गाणाऱ्या बाई म्हणतात काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी हा त्यांचा सा, कीबोर्डवाला ट्रान्सपोजचं, म्हणजे पट्टी बदलायचं, बटण दाबून मोकळा होतो. पण भावगीतांच्या ग्रुपात ब्रास बँडमधला ट्रंपेटवाला हौसेनं आलेला असतो. त्याचं वाद्य बी फ्लॅटचं, तो ज्याला सी म्हणतो तो कीबोर्डवर काळी पाच निघतो. बाईंची काळी चार वाजवायला त्याला आपल्या वाद्यावर एक सूर वर, काळी पाचची बोटं धरावी लागतात. त्याला बटण नाही. वरातीत आयुष्य गेलेला माणूस हे मनातल्या मनात करतो आणि डिग्रीवाले त्याच्याकडं बघत राहतात. असे दोघं-तिघं आमच्याकडं येतात. कागदावर नोटेशन दिलं तर बाजूला सारतात, पण एकदा ऐकलेलं अंतऱ्यामधलं म्युझिक दुसऱ्या वेळी जसंच्या तसं उतरवतात. या शहराला गाण्याचा कान जुनाच आहे. देवल क्लब 1883 चा, अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारचे. पण तो मान बैठकीतल्या गाण्याला मिळाला, वरातीतल्या माणसाला कुणी खुर्ची दिली नाही. आमच्या खोलीत त्याला खुर्ची आहे.

तिसरं आणि खरं भांडण पैशाचं. निव्वळ हौशी ग्रुपात ते नसतं, तिथं वर्गणी काढतात आणि रूमचे तासाचे 300 रुपये जाताना मोबाईलवर टाकतात. भांडण होतं ते अर्धवट व्यावसायिक झालेल्या बँडमध्ये. पहिल्या सुपारीला सगळे फुकट वाजवायला तयार असतात, तिसऱ्या सुपारीला गायिका विचारते की लोक तर माझ्या गाण्याला आले होते. मी सगळ्यांना एकच सांगतो : टेम्पो, साउंड आणि निवेदकाचे पैसे आधी बाजूला काढा, उरलेलं त्याच रात्री वाटा, आणि कुणाला किती ते सुपारी घ्यायच्या आधी लिहून ठेवा. "बघू की नंतर" म्हणणारा बँड पुढच्या गणपतीला दिसत नाही.

बाहेर वाजवायचं तर वेळेचंही गणित आलं. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर बंद, आणि सरकार वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. कार्यक्रम कागदावर सातचा असतो. पाहुणे आठला येतात, मग शाल, श्रीफळ, फेटे, मनोगत. पहिलं गाणं साडेआठला. त्यामुळं हातखंडा गाणी शेवटी राखून ठेवू नका, सुरुवातीलाच वाजवा. शेवट कापला जाणार हे धरूनच चाला. परवान्याचंही तसंच. लग्नात आणि वरातीत गाणी वाजवायला कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये सूट आहे. हॉटेलात 31 डिसेंबरला तिकीट लावून वाजवणार असाल तर ती सूट नाही, तिथं हॉटेलवाल्यानं लायसन घेतलंय का हे आधीच विचारून घ्या.

ऑगस्ट 2019 च्या महापुरात खालच्या दुकानात पाणी आलं. जड अ‍ॅम्प वर न्यायला बँडची पोरं कमरेइतक्या पाण्यातनं आली, बोलवावं लागलं नाही. तरी हार्मोनियम आणि ढोलक्या गेल्याच. पेटीचा भाता एकदा भिजला की सरस सुटतो, लाकूड वाकतं. हायवे शिरोलीजवळ बंद, त्यामुळं सुटे भागही कितीतरी दिवस अडकले. त्यातून उभं राहतोय तोवर 2020 चा लॉकडाऊन. खोलीला कुलूप, पण घरात बसून रेकॉर्डिंग करणाऱ्यांनी माईक आणि ऑडिओ इंटरफेस भाड्यानं नेले, त्यावर भाडं-वीजबिल निघालं. त्यातले काही तर तोवर फक्त बाथरूममध्ये गाणारे होते, आज त्यांचा ग्रुप आहे.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. धंद्याचं बोलायचं तर आमच्या ओळखीच्या ग्रुपांचे ठरलेले कार्यक्रम गेले आणि सगळे शाहू स्मारक सभागृहाच्या तारखांमागं लागले. पण त्या रात्री खासबागेकडं, नाट्यगृहाकडं, धावलेल्यांत कोण नव्हतं? शाहू महाराजांनी 1915 मध्ये खुल्या केलेल्या त्या स्टेजवर या गावातल्या हौशी माणसालाही एकदा तरी उभं राहता यायचं. मोठ्या शहरात हौशी माणसाला तसलं स्टेज परवडत नाही.

सध्या बाहेर डीजेवर बंधनं वाढलीत तशी हलगीला मागणी आलीय. हलगी, घुमकं (छोटा ढोल) आणि कैताळ (झांज) वाजवणारी तीन पोरं आणि एक कॉलेजचा रॉक बँड गेल्या हिवाळ्यापासून आमच्या खोलीत एकत्र बसतायत. हलगी तापवायला आत जाळ करता येत नाही, म्हणून पोरं गच्चीवर पेंढा पेटवून कातडं चढवून आणतात आणि थंड व्हायच्या आत दोन गाणी वाजवून घेतात. ड्रमरला सुरुवातीला काही सुचत नव्हतं, कारण हलगी सगळ्या जागा भरून टाकते. आता तो फक्त किक आणि हाय-हॅट वाजवतो, बाकी हलगीवर सोडतो. ऐकायला नाद खुळा आहे. त्यांची पहिली सुपारी जोतिबाच्या वाटेवरच्या एका गावच्या जत्रेची आहे. कुणाला किती ते लिहून घेतलंय, सौ.नं स्वतः.

रूम सकाळी 7 ते रात्री 10 उघडी असते. रविवार संध्याकाळ दिवाळीपर्यंत भरलीय, त्यासाठी फोन करू नका. मंगळवार आणि गुरुवार दुपारी जागा आहे, कॉलेजच्या पोरांना निम्मा दर. काठ्या आणि रीड स्वतःच्या आणा.