सोमवारला शुक्रवार कसा कळला?

"ताई, काल स्कॅनरने अकरा शेअर दिले होते. आज कालचीच तारीख टाकून चालवला तर सातच येतात. चार गेले कुठे?"

अटींत बसणारे शेअर शोधून देणाऱ्या स्कॅनरबद्दल असा फोन आला की माझं उत्तर तोंडात तयार असतं. डेटा बघा. मध्येच एखाद्या दिवसाचा बार, म्हणजे त्या दिवसाच्या भावांची नोंद, सुटला असेल, शेअरचं विभाजन होऊन एकाचे अनेक झाल्यावर जुने भाव दुरुस्त झाले नसतील. बहुतेक वेळा ते बरोबरही निघतं. पण हे गृहस्थ निवृत्त अभियंते. रोज बाजार बंद झाल्यावर स्कॅन चालवून शेअरचं नाव आणि बंद भाव वहीत लिहिणारे. त्यांनी त्या आठवड्याच्या पानांचे फोटो पाठवले. मी भाव ताडून पाहिले, दुसऱ्या दशांशापर्यंत जुळले. डेटा निर्दोष होता. म्हणजे आता फॉर्म्युला. आणि फॉर्म्युला माझा.

तीन महिन्यांपूर्वी अॅमीब्रोकर या चार्टच्या सॉफ्टवेअरच्या एएफएल भाषेत लिहून दिला होता. अटी दोनच: आजचा बंद भाव मागच्या वीस दिवसांच्या उच्चांकाच्या वर हवा, आणि साप्ताहिक आरएसआय, म्हणजे भावाच्या चढाचा जोर 0 ते 100 मध्ये मोजणारा आकडा, 60 च्या वर. बॅकटेस्ट, म्हणजे जुन्या भावांवरची चाचणी, इतकी सुंदर आली होती की तोट्याचे सौदे शोधावे लागत होते. खरं तर तिथेच कान टवकारायला हवे होते. पण स्वतःच्या फॉर्म्युल्याचा आलेख चढता दिसला की माणूस शंका काढत बसत नाही, स्क्रीनशॉट काढतो.

गायब झालेल्या चारांपैकी एक शेअर घेतला आणि काही महिने मागे गेले. चार्टवर एका सोमवारच्या बारपाशी खरेदीचा बाण, साप्ताहिक आरएसआय 63. मग डेटाबेसची प्रत काढली, त्या सोमवारनंतरचे सगळे बार उडवले आणि तोच फॉर्म्युला पुन्हा चालवला. आरएसआय 58. बाण नाही.

शेअर तोच, सोमवार तोच. फरक एवढाच की पुढचे चार दिवस आता नव्हते. त्या आठवड्यात भाव गुरुवार-शुक्रवारी उसळला होता आणि माझ्या सोमवारला ते आधीच ठाऊक होतं.

घोळ एका शब्दाचा होता. साप्ताहिक आकडे रोजच्या चार्टवर पसरवायला टाइमफ्रेमएक्स्पांड हे फंक्शन वापरतात. कसं पसरवायचं ते सांगितलं नाही तर ते एक्स्पांडलास्ट हा पर्याय धरतं: आठवड्याचा आकडा आठवड्याच्या शेवटच्या बारपासून दिसतो. सुरुवातीला मी तसंच ठेवलं होतं. पण या गृहस्थांची तक्रार आली की साप्ताहिक रेघ चार्टवर उशिरा येते, साप्ताहिक चार्टशी जुळत नाही. मी एक्स्पांडफर्स्ट केलं. आठवड्याचा आकडा सोमवारपासूनच दिसायला लागला, रेघ चपखल बसली, तेही खूश. नुसती रेघ काढण्यापुरतं ते चाललं असतं. मी तोच तुकडा कॉपी करून स्कॅनमध्ये चिकटवला. उघडणारा भाव सोडून इतर गोष्टींसाठी हे वापरलं तर भविष्यात डोकावल्यासारखं होईल, असं अॅमीब्रोकरच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. मी ते वाचलेलंही होतं.

वहीचं कोडंही इथेच सुटलं. चालू आठवडा अर्धाच असतो, त्याचा आरएसआय रोज बदलतो, आणि प्रत्येक बदल मागे सोमवारपर्यंत लागू होतो. गुरुवारी चार शेअर 60 च्या खाली घसरले, तसे बुधवारचे त्यांचे सिग्नलही पुसले गेले.

घाईत परत एक्स्पांडलास्ट केलं आणि सुटले असं वाटलं. तरी मन मानेना, म्हणून एका बुधवारपर्यंत डेटा छाटून पाहिला. पुन्हा फरक! छाटलेल्या डेटात बुधवार हाच आठवड्याचा शेवटचा बार, त्यामुळे त्याला अर्ध्या आठवड्याचा आकडा मिळत होता. पूर्ण डेटात त्याच बुधवारला मागच्या आठवड्याचा. म्हणजे बॅकटेस्ट एक नियम पाळणार आणि रोजचा स्कॅन दुसराच.

शेवटी जे आधीच करायला हवं होतं ते केलं. साप्ताहिक टाइमफ्रेममध्ये असतानाच आरएसआयला रेफ हे मागच्या बारचा आकडा आणणारं फंक्शन लावून उणे एक, म्हणजे पूर्ण झालेला मागचा आठवडा घेतला, आणि मग तो एक्स्पांडफर्स्टने सोमवारपासून पसरवला. क्रम महत्त्वाचा, पसरवल्यावर रेफ लावला तर आठवड्याऐवजी एकच दिवस मागे जातो. मग सोमवार, बुधवार, शुक्रवार अशा वीसेक ठिकाणी डेटा छाटला. प्रत्येक वेळी आकडा तोच.

बॅकटेस्टचा आलेख मात्र साधा माणसाळलेला झाला. चढ कमी, मधे लांबच लांब सपाट पट्टे.

त्यांना फोन करून सगळं सांगितलं, चूक माझीच हेही. ते थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हणजे तीन महिने मी तुमच्या सोमवारवर विश्वास ठेवला."

"हो."

"बरं. वही चालू ठेवतो."

पुढच्या शनिवारी पुन्हा पानांचे फोटो आले. पाच दिवसांच्या याद्या, फेरतपासणीच्या खुणा, सगळ्या बरोबर. फक्त एका शेअरला लाल गोल. पोटात गोळा आला. दोन तास खपून पाहिलं तर त्या शेअरचं विभाजन झालं होतं आणि जुने भाव अर्धवटच दुरुस्त झाले होते. या वेळी खरंच डेटा होता. पण ते फोनवर सांगताना माझा आवाज इतका पडलेला होता की त्यांनी मला दोनदा विचारलं, "नक्की ना?"