इअरफोनच्या टिपांची घरगुती कापाकापी

नवीन इअरफोन घ्यायला आपल्या नागपुरात सीताबर्डीच्या बाजारात निघालेल्या माणसाला माझं एकच म्हणणं असते, थांब राजा, आधी टिप बदलून पाह. बेस नाही, आवाज पत्र्यासारखा येते, एका कानात कमी येते, चालताना निघून पडते, यातल्या बऱ्याच तक्रारी इअरफोनच्या नसतातच, त्या पुढच्या रबराच्या असतात. आणि ते रबर आपण बॉक्समधून जे लावून आलं तेच वर्षानुवर्षं वापरून राहतो.

गणित साधं आहे. कानात जाणाऱ्या इअरफोनचा ड्रायव्हर, म्हणजे आतला आवाज काढणारा स्पीकर, एवढासा असते, त्याला मोकळी हवा हलवता येत नाही, तो फक्त टिप आणि कानाचा पडदा यांच्यामधली बंद हवा दाबते. ती जागा खरंच बंद असेल तर डग्ग्याचा घुमारा पूर्ण येते. जराशी फट राहिली की सगळ्यात आधी खालचे सूर पळतात, वरचे तसेच राहतात, म्हणून कान म्हणतो की आवाज पातळ आहे. मग आपण इक्वलायझरमध्ये बेस ओढतो, व्हॉल्यूम वाढवतो, आणि फट आहे तिथंच.

फट आहे का हे बघायला काही मशीन लागत नाही. दोन्ही बाजू लावा, गाणं बंद ठेवा आणि तोंड मिटून हंऽऽ करा. सील नीट असेल तर स्वतःचा आवाज डोक्यात घुमते, दोन्हीकडे सारखा. ज्या बाजूला कमी घुमला तिकडे गळती आहे. आता जबडा हलवून परत करा, कारण जबडा हलला की कानाच्या नळीचा आकारही बदलते. माझा एक मित्र खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू, चघळत राहतो, त्याची नेहमीची कुरकुर की डाव्या बाजूचा बेस येते-जाते, येते-जाते. मी म्हटलं, अबे तोंड तर थांबव मिनिटभर. थांबवलं, बेस आला. खर्रा काही सुटला नाही त्याचा, टिप मात्र बदलली.

पहिला उपाय फुकटचा आहे. बॉक्समध्ये एस, एम, एल अशा तीन जोड्या येतात आणि आपण जोडी म्हणून जोडीच लावतो. दोन्ही कान एका मापाचे असावेत असा नियम कुठं आहे? माझ्या डाव्या कानात एम बसते, उजव्यात एल. दिसायला कसंतरी दिसते पण कोण पाहून राहिलं. आणि लावायची पद्धत पण, दुसऱ्या हातानं डोक्यामागून कानाचा वरचा भाग वर आणि मागं ओढा, म्हणजे नळी जरा सरळ होते, मग टिप थोडी फिरवत आत घाला. खूप लोकांचा प्रॉब्लेम इथंच संपते.

नाही संपला तर पुढं या, खरी मजा इथून आहे. सिलिकॉनच्या टिपला मधी एक जाड नळी असते जी इअरफोनच्या नोझलवर, म्हणजे आवाज बाहेर येते त्या पुढच्या तोंडावर, बसते आणि बाहेरून पातळ छत्री. ही छत्री कानात गेली की एखाद्या ठिकाणी चुणी पडते, आतल्या बाजूला दबते, आणि त्या चुणीतून हवा जाते. मोठी साईज लावली तर कान दुखते, छोटी लावली तर बसत नाही. म्हणजे पाहिजे काय, तर छत्रीच्या आतून हलकासा टेकू. तो टेकू फोमचा द्यायचा.

फोम कुठून आणायचा? फॅक्टरीत कानात घालायचे जे बोळे असतात ना, इअरप्लग, ते. माझा एक मित्र हिंगण्याच्या एमआयडीसीत आहे, त्यानं मला सेफ्टीच्या दुकानातून नवे कोरे आणून दिले, नाहीतर मोठ्या मेडिकलमध्ये पण मिळतात. दोन प्रकार दिसतात, एक पॉलीयुरेथेनचा मऊ आणि एक पीव्हीसीचा थोडा कडक. या कामाला मऊवालाच घ्या. दाबून सोडला की हळूहळू फुगते, तोच गुण आपल्याला पाहिजे.

आता तो बोळा आडवा कापून साधारण ३ मिमीची चकती काढायची आणि तिला मधोमध भोक पाडायचं. कैचीनं करायला जाल तर फोम दबते, पळते, आणि चकती एकीकडून जाड एकीकडून पातळ निघते. म्हणून बोळा रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. हा फोम थंडीत कडक होते, बाहेर काढल्या काढल्या नव्या ब्लेडनं कापला तर एकदम स्वच्छ कापला जाते. लगेच करा पण, आपल्याकडे मे महिन्यात फ्रीजरमधून काढलेली वस्तू किती वेळ थंड राहते हे सांगायला नको. भोकासाठी मी जुन्या रेडिओच्या एरियलचा तुकडा वापरतो, आतून पोकळ असते, कडा पॉलिश पेपरवर घासून धारदार केली की झकास पंच तयार. दाबायचं नाही, गोल गोल फिरवायचं. हेही नको असेल तर चप्पल-बॅगवाल्या दादांकडे पट्ट्याला भोक पाडायचा पंच असते, पाच-दहा रुपयांत काम होते, वर "हे काय करून राहिले भाऊ तुम्ही" हा प्रश्न फुकट.

मग टिपची छत्री उलटी करा, मोजा उलटा करतो तशी, नळीवर ती फोमची कडी चढवा आणि छत्री परत सरळ करा. फोम आत लपला, बाहेरून कळत पण नाही. कडीचा बाहेरचा घेर छत्रीपेक्षा कमीच पाहिजे, छत्री फुगून टाईट झाली तर अर्ध्या तासात कान ठणकायला लागते. झालं की हंऽऽ करून बघा. आणि खरं सांगतो, पहिल्यांदा हे लावून मेट्रोत बसलो, अॅक्वा लाईनला, तेव्हा डब्यातल्या घोषणा पण दूरून आल्यासारख्या वाटल्या आणि व्हॉल्यूम रोजच्यापेक्षा बराच खाली आणावा लागला. माझ्या मते हाच सगळ्यात मोठा फायदा आहे, डब्ल्यूएचओचा, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचा, हिशोब ८० डेसिबल आठवड्याला ४० तास एवढाच आहे, आणि गोंगाटात फटीवाल्या टिपनं ऐकणारा माणूस त्याच्या वर कधी जाते त्याला पत्ता पण लागत नाही.

कोणी म्हणेल मग सरळ पूर्ण फोमचीच टिप का नको? वापरा की. सील भारीच असते. पण फोम वरचे सूर थोडे खातो, आणि त्याचं भोक कानात दबून बारीक झालं तर अजून मंद वाटते. शिवाय आपल्या गावात फोमचं वागणं सीझनप्रमाणे बदलते, उन्हाळ्यात ४५ डिग्रीला एवढा ढिला पडते की दाबून कानात घालेपर्यंत फुगूनच जाते, आणि डिसेंबरच्या सकाळी तोच फोम फुगायलाच तयार नसते. घाम, कानातला मळ, हे सगळं तो पिते. सिलिकॉनच्या आतली कडी मात्र झाकलेली असते, टिकते.

आता टिप किती आत जाते त्याचं. काही इअरफोनचा आवाज 'स' आणि 'श'ला टोचते. टिप आणि पडद्यामधल्या हवेचा पण एक स्वतःचा सूर असते, टेस्टिंगच्या नकली कानात तो साधारण ८ किलोहर्ट्झला ठेवून ग्राफ काढतात, टिप आत गेली की हा सूर वर सरकते, बाहेर आली की खाली. म्हणून तोच इअरफोन दोन माणसांना वेगळा वाटते. टिप थोडी आत जावी असं वाटत असेल तर जुन्या फाटक्या टिपच्या नळीची १ मिमी चकती कापून आधी नोझलवर सरकवा, मग टिप लावा, तेवढी ती पुढं येते. पण टिपची पकड नोझलच्या कडेवर राहिली पाहिजे. तुमचं नोझल बारीक आणि टिप ढिली असेल तर तिथं हीट श्रिंकचा, म्हणजे गरम केली की आकसणाऱ्या प्लास्टिकच्या नळीचा, तुकडा घाला, पण तो इअरफोनवर गरम करू नका, त्याच जाडीच्या ड्रिल बिटवर आकसवा आणि मग चढवा. ढिली टिप कानात अडकून राहिली की चिमटा घेऊन शोधत बसायचं नाही, सरळ ईएनटीकडे जायचं.

टेप लावायचे प्रकार मला फार पटत नाहीत. नोझलच्या जाळीवर मायक्रोपोरचा, म्हणजे मेडिकलमधल्या कागदी टेपचा, तुकडा लावला की वरचे सूर नरम पडतात हे खरं, पण दोन्ही तुकडे अगदी सारखे नसले तर डावं-उजवं बिघडते. बॉडीवरचं नोझलच्या बाजूचं बारीक भोक बंद केलं तर बेस वाढते, सोबत कानात दाबही वाढते आणि घालताना ड्रायव्हर चुरचुरते. आधी सील जमवा, मग वाटलं तर हे करा. फेविक्विक तर अजिबात नको, सिलिकॉनला ते धड चिकटत नाही आणि सुकलेल्या कडक कडा कानात टोचतात. टिप उकळून कानाच्या आकाराची करा असंही कोणीतरी सांगते, सिलिकॉन उकळत्या पाण्यानं आकार बदलत नाही, फार तर स्वच्छ होईल.

धुवायचं म्हणून सांगतो, कडी काढा, सिलिकॉन कोमट साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा. कडी दाबल्यावर परत फुगत नसेल तर फेकून नवी कापा, एका बोळ्यात पुष्कळ निघतात.

आणि टीडब्ल्यूएसवाल्यांनो, म्हणजे बिनवायरचे सुटे इअरबड वापरणाऱ्यांनो, तुमच्यात हे जमते, पण बऱ्याच मॉडेलचं नोझल गोल नसून लांबट असते, भोक त्याप्रमाणे पाडा. टिप लावून झाली की गाणं लावायच्या आधी चार्जिंगच्या डबीत ठेवून झाकण बंद होते का आणि चार्जिंगचा लाईट लागते का ते बघा, कडी २ मिमीची केली तर बहुतेक वेळा बसते.