निन्जा ३०० फक्त १५ मिमी खाली केली, त्याबद्दल

माझी उंची ५ फूट १ इंच. माझ्या बाइकची, कावासाकी निन्जा ३००ची, सीट ७८५ मिमीवर. स्टँडवरून उचलली की माझ्या पायांची फक्त बोटं टेकायची. चालवताना काहीच अडचण नव्हती. अडचण चढावर थांबताना आणि गाडी हाताने मागे घेताना. म्हणून ती खाली केली, पण १५ मिमीच. मला विचारणाऱ्या बहुतेकींना एकदम ४०-५० मिमी खाली हवी असते, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी सीट बघा. उंचीपेक्षा तिची रुंदी जास्त नडते. मांड्या फाकल्या की पायाची लांबी तिथेच खर्च होते. मी सीटच्या पुढच्या दोन्ही कडांचा फोम तासून घेतला आणि तेवढ्यानेच मोठा फरक पडला. मग सॅग, म्हणजे आपण बसल्यावर गाडी किती दबते ते. वजनाने हलकी व्यक्ती बसली तर गाडी जेमतेम दबते. मागच्या शॉकचा (शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा) प्रीलोड, म्हणजे त्याची स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवलीय ते, कमी करून सॅग ३० ते ३५ मिमीपर्यंत आणा. त्याहून सैल नको, खड्ड्यात शॉक तळाला आपटतो.

उरलेल्या १५ मिमीसाठी लिंक. निन्जाच्या शॉकखाली लिंकेज आहे, म्हणजे शॉक आणि स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा हलता हात) यांना जोडणारी पट्ट्यांची रचना. त्यातल्या दोन पट्ट्या (सगळे डॉगबोन म्हणतात) लांब घातल्या की मागचा भाग खाली येतो. पट्टीतला थोडासा फरक सीटपाशी बराच वाढून दिसतो, त्यामुळे अंदाजाने भोकं पाडून घरी पट्ट्या बनवण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. केटीएम आरसी ३९०सारख्या गाडीत शॉक थेट स्विंगआर्मला असतो, तिथे हा मार्गच नाही. आणि काम करताना नेहमीचा पॅडॉक स्टँड (मागचं चाक उचलून धरणारा वेगळा स्टँड) पुरत नाही. तो स्विंगआर्म उचलतो, गाडीचं वजन शॉकवरच राहतं आणि बोल्ट अडकून बसतात. गाडी फ्रेमला आधार देऊन उचलावी लागते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फक्त मागून खाली करू नका! या गाडीचा व्हीलबेस (दोन चाकांच्या मध्यांमधलं अंतर) साधारण १४०० मिमी. मागचा भाग एकटाच २५ मिमी उतरवला तर फोर्कचा, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांचा, कोन सुमारे १ अंशाने जास्त कलतो आणि ट्रेल (हँडलचा अक्ष जमिनीला जिथे मिळतो तिथून टायर टेकतो त्या जागेपर्यंतचं अंतर) ६ मिमीच्या आसपास वाढतं. गाडी वळायला जड होते, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. ज्या चपळपणासाठी लहान स्पोर्ट बाइक घेतली, तोच गेला तर काय उपयोग? म्हणून फोर्कच्या नळ्याही त्यांना धरणाऱ्या क्लॅम्पमधून १५ मिमीच वर सरकवल्या, दोन्ही बाजू व्हर्नियरने मोजून, बोल्ट टॉर्क रेंचने आवळून.

नंतरची तपासणी टाळू नका. पुढचं चाक अधांतरी असताना मडगार्डपासून वरच्या जवळच्या भागापर्यंतचं अंतर मोजा. पुढचा ट्रॅव्हल, म्हणजे चाक जास्तीत जास्त किती वर दबू शकतं ते, १२० मिमी आहे. तो वजा करूनही जागा उरायला हवी. मागे कोणाला बसवून टायर कुठे घासत नाही ना ते बघा. साइड स्टँडही बघा: खाली केलेली गाडी त्यावर जास्त उभी राहते आणि थोड्या धक्क्याने उजवीकडे पडू शकते. फार खाली केली तर स्टँड कापून घ्यावाच लागतो. चेनचा ढिलेपणा पुन्हा मोजायचा.

माझे चवडे आता पूर्ण टेकतात, टाचा नाही. मला तेवढं पुरतं. सिग्नलला डावा पाय खाली, उजवा ब्रेकवर.